मूल आवरायच्या आधी दिवस आवरा

बालवर्गात नव्याने शिकवायला लागलेल्या ताई मला हमखास एकच प्रश्न विचारतात : "मुलं मारतात, ढकलतात, ऐकतच नाहीत. काय करू?" मी उलट विचारते, "किती वाजता मारतात?" समोरची गप्प. कोण मारतं हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, कधी मारतं हे कुणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून पहिलं काम वहीचं. आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. ढकलाढकली, चावणं, पळापळ, आदळआपट, काहीही झालं की चार गोष्टी टिपायच्या : वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, आणि त्यातून त्या मुलाला काय मिळालं. "हट्टी", "खोडकर" ही विशेषणं वहीत आणायची नाहीत. "हात धुवायच्या रांगेत पुढच्याला ढकललं, तो रडला, ताई धावत आली, सगळे बघायला लागले" एवढंच. आठवड्याने वही चाळलीत की दिसेल, गोष्ट ऐकताना किंवा चित्र काढताना फारसं काही घडलेलं नाही. घडलंय ते हात धुवायच्या रांगेत, डबे उघडायच्या आधी, खेळ आवरून सतरंजीवर येताना आणि घरी जायच्या वेळी दप्तरं अडकवताना. हात रिकामे, अंगाला अंग लागलेलं आणि पुढे काय होणार याचा पत्ता नाही, अशा वेळी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला स्वतःला आवरणं अजून जमत नाही. मेंदूचा जो पुढचा भाग हे काम करतो तो पुरता तयार व्हायला विशी उलटून जाते. तेव्हा "कितीदा सांगितलं तरी कळत नाही" या तक्रारीत फारसा दम नाही. त्याला कळतं, पण ऐन वेळी हात थांबत नाही. मुलाला बदलायला वेळ लागतो, पण हात धुवायची पद्धत उद्या सकाळी बदलता येते. मी सुरुवात नेहमी तिथूनच करते.

आधी खोली

मधोमध लांब मोकळी जागा असली की मुलं पळणारच. तिथे "पळू नका"ची पाटी काय कामाची? एक बुटकं कपाट आडवं लावा, पळण्याची वाट मोडते. ठोकळ्यांचा कोपरा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. मनोरा उभा राहतो, कुणीतरी जाताजाता पाय लावतो आणि भांडण सुरू. दोष पायाचा नाही, कोपऱ्याच्या जागेचा आहे. आरडाओरड्याचे खेळ आणि पुस्तकं यांच्यात जमेल तेवढं अंतर ठेवा.

खेळणी किती ठेवायची यावर दोन मतं आहेत. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केली. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधन एकच असतं, म्हणजे दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं आपोआप येतं. पाच वर्षांच्या मुलांना हे चांगलं जमतं. पण तीन वर्षांची मुलं अजून एकमेकांबरोबर खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे हे टप्पे मांडले, आणि कुठल्याही छोट्या गटात जाऊन बसलं की ते आजही दिसतात. शेजारच्याच्या हातात गाडी आहे म्हणून याला गाडी हवी असते. म्हणून छोट्या गटात मी एकसारख्या तीन-चार गाड्या ठेवते आणि वाटून घेण्याचं शिक्षण मोठ्या गटावर सोपवते. छोट्यांना "शेअर कर" म्हणणं म्हणजे हातातली गाडी काढून घेणं, त्यांना तरी ते तसंच वाटतं.

एका कामातून दुसऱ्या कामाकडे

गोंधळाचं खरं घर इथे आहे, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

मूल खेळात रमलेलं असताना "चला, आवरा" असं अचानक ओरडलं तर ते चिडणारच. आपल्यालाही हातातलं काम कुणी हिसकावलं तर राग येतो. आधी कल्पना द्या, पण "पाच मिनिटांत" अशी नको. पाच मिनिटं म्हणजे किती, हे त्यांना कळत नाही. जे कळतं ते सांगा : "अजून दोन ठोकळे लाव, मग आवरू." किंवा वाळूचं घड्याळ उलटं करा आणि वाळू खाली गेली की आवरायचं, असं ठरवा. आवरण्याची खूण रोज तीच हवी. मी एक ठरलेली टाळी वाजवते आणि मुलं तीच टाळी परत वाजवतात. टाळी द्यायची तर हातातलं खाली ठेवावंच लागतं, निम्मं काम तिथेच होतं.

आवरायला सांगताना "सगळ्यांनी आवरा" म्हटलं तर कुणीच आवरत नाही, कारण सगळे म्हणजे कोण? "तू लाल ठोकळे, तू निळे, तुम्ही दोघी पुस्तकं." कपाटावर प्रत्येक वस्तूच्या जागी तिचं चित्र चिकटवलेलं असेल तर विचारायलाही कुणी येत नाही.

आता रांग. शक्य तितक्या रांगा रद्द करा, असंच मी सांगेन. वीस मुलं एका नळापाशी उभी करायची आणि कुणी कुणाला ढकलू नये म्हणायचं, ही अपेक्षाच चुकीची. चार जणांना नळाकडे पाठवा, बाकीचे सतरंजीवर तुमच्याबरोबर बडबडगीत म्हणत बसतील. चौघं परत आले की पुढचे चार. पाठवताना नावं न घेता खूण सांगा : "ज्यांच्या कपड्यांवर पिवळा रंग आहे ते", "ज्यांचं नाव 'स'वरून सुरू होतं ते". मुलं स्वतःचे कपडे तपासण्यात गुंग होतात. थांबणं म्हणजे शिक्षा न राहता तो एक खेळ होतो, शिवाय रंग आणि अक्षरं पक्की होतात ते वेगळंच.

जिथे रांग टाळताच येत नाही, तिथे जमिनीवर पावलांचे ठसे रंगवा किंवा कागदाचे चिकटवा, दोन ठशांत हातभर अंतर ठेवून. "नीट अंतर ठेवा" हे वाक्य मग उच्चारावं लागत नाही. आणि मुलांना काहीतरी सोंग द्या. सोव्हिएत संशोधक मनुइलेंको यांचं १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम मला फार आवडतं. बालवाडीच्या वयाच्या मुलांना नुसतं न हलता उभं राहायला सांगितलं तर ती फार टिकली नाहीत, पण खेळातले पहारेकरी म्हणून उभं केल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ स्थिर राहिली. आमच्या वर्गातून मैदानाकडे जाताना आम्ही मांजरं असतो आणि वाटेतल्या खोल्यांमध्ये उंदीर झोपलेले असतात. "आवाज करू नका" म्हटलं असतं तर काय झालं असतं ते कुठल्याही ताईला विचारा.

बोलायचं कसं

मोठ्यांच्या बोलण्यात प्रश्न फार असतात आणि मुलं त्यांची प्रामाणिक उत्तरं देतात. "काय चाललंय हे?" म्हणून एकीने डोळे वटारले, तर पाण्यात हात घातलेला मुलगा शांतपणे म्हणाला, "मासे पकडतोय." यात उद्धटपणा नाही, त्याला विचारलं ते त्याने सांगितलं. "असं करतात का?", "किती वेळा सांगायचं?", "ऐकू येत नाही का?" ही सगळी वाक्यं त्या वयाला निरुपयोगी आहेत. "आवरूया का आता?" तर विचारूच नका. विचारलंत तर "नाही" हे उत्तर तुम्हीच देऊ केलंत. आवरायचंच असेल तर "आता आवरायचं" म्हणा आणि निवड द्यायची तर खरी द्या : "आधी ठोकळे की आधी गाड्या?" दोनच पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे.

काय करू नये यापेक्षा काय करायचं ते सांगा. "पळू नको"च्या जागी "चालत ये". "ओरडू नको"च्या जागी "माझ्या कानात सांग". "नको" म्हटल्यावर मुलाच्या कानात उरतं ते "पळ".

खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बोलू नका. जवळ जा, गुडघ्यावर बसा, नाव घ्या, डोळ्यांत पाहा, एकच गोष्ट सांगा, मग थांबा. हे थांबणं ताईंना सगळ्यात अवघड जातं. सूचना दिली की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. ऐकलेलं समजून हातापायापर्यंत पोचायला लहान मुलाला तेवढा वेळ लागतोच. त्याआधीच आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चढ्या आवाजात सांगत सुटतो आणि मुलं शिकतात की पहिल्या दोन वेळा ऐकलं नाही तरी चालतं.

आणि आवाज. वर्गाचा आवाज वाढला की आपला कमी करायचा. उलटं वाटतं, पण ऐकायला मुलं जवळ येतात.

नियम

तीनच ठेवा, फार तर चार. चित्रांसकट भिंतीवर, मुलांच्या उंचीला. पण भिंतीवर लावल्याने काही होत नाही, सराव करावा लागतो. वर्षाचे पहिले काही आठवडे मी अक्षरांना हातही लावत नाही. खुर्ची कशी उचलायची, दार कसं लोटायचं, दुसऱ्याच्या सतरंजीला वळसा कसा घालायचा, नाक कसं पुसायचं, हाच अभ्यास. पालक विचारतात, "अजून काहीच शिकवलं नाही?" विचारू देत.

सरावाची गंमत चुकीचं करून दाखवण्यात आहे. मी खुर्ची एका हाताने फरफटत नेते, कर्रर्र आवाज करत, कपाटाला धडकत. मुलं खदखदून हसतात, "तसं नाही ताई!" म्हणून ओरडतात आणि कसं ते मला शिकवायला उठतात. दोन हातांनी, बसायची फळी पोटाशी, पाय खाली, हळूच टेकवायची. मला शिकवल्यावर स्वतः फरफटत नेणं त्यांना कठीण जातं.

भांडण झालंच तर

समजा, दोघांनी एकच पिवळा ट्रक धरलाय. दोघंही ओढताहेत, एकाचा हात वर गेलाय. तुम्ही जा, दोघांच्या मध्ये खाली बसा, ट्रकवर हात ठेवा. "ट्रक मी धरते." काढून घ्यायचा नाही, नुसता धरायचा. मारायला उठलेला हात अडवा : "मारू देणार नाही." आवाज सपाट ठेवा. मग दिसतं ते बोला : "तुला ट्रक हवाय. तुलाही हवाय. ट्रक एकच आहे." हे वेडगळ वाटतं, पण दोघंही तुमच्याकडे बघायला लागतात, कारण पहिल्यांदाच कुणीतरी दोघांची बाजू मांडली. आधी कुणी घेतला ते विचारू नका. तुम्ही पाहिलेलं नाही आणि त्या दोघांना खरंच आपणच आधी घेतला असं वाटतंय. "आता काय करूया?" म्हणून थांबा. चार-पाच वर्षांची मुलं काहीतरी सुचवतातच. सुचवलेलं आपल्याला विचित्र वाटलं तरी दोघांना मान्य असेल तर चालवून घ्या. एकदा ठरलं होतं की एकाने ट्रक चालवायचा आणि दुसऱ्याने फक्त हॉर्न वाजवायचा. खूश होते दोघं. काहीच सुचलं नाही तर वाळूचं घड्याळ आहेच.

कुणाला लागलं असेल तर आधी त्याच्याकडे जा, मारणाऱ्याकडे नंतर. मारल्यावर ताई सगळ्यात आधी आपल्याकडे धावते हे मुलाच्या लक्षात आलं तर तो मार्ग पुन्हा वापरणार. "सॉरी म्हण" असं दटावून काही साधत नाही, ते शब्द म्हणजे सुटकेची पावती होते. त्यापेक्षा "तिला विचार, काय हवंय" म्हणा. ओला रुमाल आणून देणं, पडलेला मनोरा परत लावायला मदत करणं, असं काहीतरी हातांनी करू द्या.

चावणाऱ्या मुलाबाबत थोडक्यात. बोलता न येणारी किंवा कमी बोलणारी मुलं जास्त चावतात, कारण दातांइतका झटपट शब्द त्यांना सुचत नाही. चावलेली जागा साबणपाण्याने धुवा, दोन्ही घरी कळवा, पण चावलं कोणी ते दुसऱ्या पालकांना सांगू नका. मग काही दिवस त्या मुलाच्या हातभर अंतरात राहा आणि "दे", "सरक", "माझं" असे छोटे शब्द त्याच्या तोंडी बसवा. उलट चावून दाखवणं हा घरगुती उपाय कुणी सुचवेल. करू नका.

आणि अंग टाकून रडणारं मूल? त्या वेळी समजावणं बंद. कानावर काही पडत नसतं. डोकं आपटणार नाही एवढं बघा, बाकीच्यांना दुसऱ्या ताईकडे किंवा मदतनीस मावशीकडे द्या, स्वतः जवळ बसून राहा. "मी इथे आहे" एवढंच, तेही एकदा. ओसरल्यावर पाणी द्या, तोंड धुवा. जे मागत होतं ते रडल्यामुळे द्यायचं नाही आणि रडल्याबद्दल बोलूनही दाखवायचं नाही. शांत व्हायला उशा, मऊ खेळणं असलेला एक कोपरा असावा, पण "जा तिकडे बस" म्हणून त्याची शिक्षा केलीत की तो संपला. गडबड नसताना मुलांना तिथे स्वतःहून जाऊन बघू द्या.

चांदण्या, स्टिकर, टाळ्या

इथे माझं आणि पुष्कळ सहकाऱ्यांचं पटत नाही. चांगलं वागलं की हातावर चांदणी, हे दोन-तीन आठवडे झकास चालतं. नंतर मुलं "मला चांदणी मिळेल का?" विचारून मगच ठोकळे उचलतात. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी, बक्षीस नसताना, याच मुलांनी इतरांपेक्षा चित्रांना कितीतरी कमी वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच राहिली. म्हणून मी चांदणीचं आमिष दाखवत नाही. जे दिसलं ते सांगते : "तू दार धरून ठेवलंस, म्हणून तिला बाटली घेऊन आत येता आलं." "शहाणं बाळ" म्हटल्यावर मुलाला नक्की काय चांगलं केलं ते कळत नाही. शिवाय शेजारचा आपण शहाणे नाही असं समजतो.

दिलेला शब्द मात्र पाळा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधक सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांना ते मिळाले, निम्म्यांना "नाहीयेत, सॉरी" असं ऐकावं लागलं. मग त्याच मुलांना गोड खाऊ समोर ठेवून सांगितलं, थांबलात तर दोन मिळतील. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवणूक झालेली जेमतेम ३. "नंतर तुझी पाळी" म्हणून आपण विसरून जातो, तेव्हा थांबण्यात अर्थ नाही हेच शिकवत असतो. धमक्यांचंही तेच. "सगळे जातील, तुला इथेच ठेवू" हे तुम्ही करणार नाही. ते मुलाला खरं वाटलं तर भीती, खोटं वाटलं तर तुमचा शब्द गेला.

रोज तेच एक मूल

सगळं करूनही एखादं मूल रोज वहीत येतं. आधी घरी विचारा : झोप, भूक, नवं भावंड, घर बदललं का. मग कान तपासून घ्यायला सांगा. सर्दीनंतर कानात पाणी साठून कमी ऐकू येणं या वयात सर्रास होतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. नाव घेतल्यावर वळून न बघणं, येत असलेले शब्द नाहीसे होणं, वयाच्या मानाने फारच कमी बोलणं असं दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायला वेळ लावू नका.

वर्गात मी एक गोष्ट करते. रोज थोडा वेळ, त्या मुलाने काहीही केलेलं नसताना, त्याच्या शेजारी बसायचं आणि तो म्हणेल ते खेळायचं. शिकवायचं नाही, प्रश्न नाहीत, सूचना नाहीत. लक्ष वेधायला त्याला काही पाडावं लागत नाही, हे त्याला हळूहळू उमगतं. त्याच वेळी लक्ष वेधायचे निरुपद्रवी चाळे, टेबलावर ठोकणं, तोंडं वेडावणं, यांच्याकडे काणाडोळा करा. पण तयारी ठेवा, दुर्लक्ष केल्यावर ते चाळे आधी वाढतात, मग कमी होतात. वाढल्यावर घाबरून लक्ष दिलंत तर आणखी जोरात ठोकलं की काम होतं, हा धडा मिळाला. दुखापत होण्यासारखं असेल तर अर्थातच दुर्लक्ष नाही, लगेच अडवायचं.

शाळा सुटताना दारात आई-बाबांना तक्रारींची यादी वाचू नका, मूल खाली उभं राहून सगळं ऐकत असतं. दारात फक्त आज घडलेली एक बरी गोष्ट सांगायची, तीही नेमकी. बाकीचं वेगळी वेळ ठरवून, वही समोर ठेवून. आणि तेव्हा वाक्याची सुरुवात "तुमचा मुलगा" अशी करू नका. "साधारण अकराच्या सुमाराला, डब्याआधी" इथून सुरू करा. बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं, "हो, घरीही त्याच वेळेला." मग पहिलं काम म्हणजे डबा अर्धा तास अलीकडे घेता येतो का ते बघायचं.